ओट्यावरचा ऐकणारा

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतर माझी पहिली नोकरी तिथल्या टंचाई शाखेत लागली. मी मुदखेडची. टायपिंगची परीक्षा नांदेडला दिलेली, आणि आमच्या घरातून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. ऑफिस भाड्याच्या घरात होतं. न्हाणीत फायलींचे गठ्ठे आणि स्वयंपाकघरात माझा टाइपरायटर.

शेजारच्या टेबलावर बसणारे अव्वल कारकून कथा लिहीत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मासिकांत त्यांचं नाव मोठं होतं. नांदेडच्या कॉलेजातली लिहिणारी पोरं त्यांच्यासारखं तुटक, बोलीतलं लिहायला धडपडायची. ऑफिसात मात्र ते टँकरच्या फेऱ्या मांडत बसत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या कथा टाइप करून द्यायची.

टाइप करता करता त्यांची रीत माझ्या बोटांना कळली. वाक्य लांबलं की ते छाटत. बाई रडत असेल तर रडणं सांगत नसत, तिच्या हातात काय आहे तेवढं सांगत. आणि प्रत्येक कथेत ओट्याच्या कडेला एक माणूस बसलेला असे. पांढरा सदरा, पायताण काढून बाजूला ठेवलेलं. तो नुसता ऐकतो. त्याच्यावर टीकाकारांनी पानंच्या पानं लिहिली होती.

"भाऊसाहेब, हा कोण?" मी एकदा विचारलं.

"कोण की. काढला तर कथा उभी राहत न्हाई, म्हणून ठेवतो."

त्या उन्हाळ्यात निलंग्याकडच्या एका गावातून टँकर भरलेलाच परत यायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, पाणी घ्यायला माणूसच नाही. चौकशीला भाऊसाहेबांना पाठवलं. गावात बायाच उरल्या असतील तर बोलायला कुणी हवं, म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं.

आम्ही भर दुपारी पोचलो. सगळं गाव कामाच्या शोधात निघून गेलेलं. दारांना कुलपं, कुलपांवर बाभळीच्या काट्या लावलेल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. एकाच घराचं दार उघडं होतं. उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती आणि समोरचा ओटा ताजा सारवलेला होता. पाण्याची अशी ओढ, आणि ओटा ओला.

आमची चाहूल लागताच ती म्हणाली, "आज जीपमधून आलास व्हय, अप्पा? रोज तर चालत येतोस."

भाऊसाहेब हसले. "मावशी, मी पहिल्यांदाच आलोय."

"पहिल्यांदाच बोललास म्हण. बस की. पायताण काढून बस, रोजच्यासारखं."

भाऊसाहेबांचं हसू विरलं. सदरा पांढराच होता त्यांचा. ते ओट्याकडं बघत उभे राहिले, मग जीपमध्ये जाऊन बसले. पुढची विचारपूस मीच केली. लेक-सून खडी फोडायला गेलेत म्हणाली. तुला एकटीला भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. "एकटी कुठं हाय? ह्यो येतो की दुपारचा. मी सांगते, ह्यो ऐकतो."

लातूरला चल म्हटलं तर ती तयार होईना. मग भाऊसाहेब दर रविवारी एसटीनं तिच्याकडं जायला लागले. भाकरी न्यायचे, पाणी भरून ठेवायचे, तिच्याशी बोलत बसायचे. का जाता, असं विचारलं तर म्हणाले, "ती मला ओळखते अन् मी तिला ओळखत न्हाई. हे बरं न्हाई."

एकदा मीही गेले. भाऊसाहेब ओट्यावर बसले होते, मी आत चूल पेटवत होते. म्हातारी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, ह्या दोघांचं भांडण झालंय का गं?"

"कोणत्या दोघांचं?"

"बाहेर बसलेत त्यांचं. शेजारी बसतेत, पण एकमेकाशी बोलत न्हाईत."

मी दारातून पाहिलं. भाऊसाहेब एकटेच होते. पण ते ओट्याच्या एका टोकाला बसले होते, कुणाला जागा करून दिल्यासारखे.

परतीच्या एसटीत मी त्यांना ते सांगितलं.  त्यांनी विचारलं, "तो कोणत्या बाजूला बसतो म्हणाली?"

"ते न्हाई विचारलं मी."

"बरं केलं."

पावसाळा लागला, गाव परतलं. म्हातारीचा लेक आईला डोळ्यांच्या शिबिरात न्यायचं म्हणून चिठ्ठी मागायला ऑफिसात आला. मी म्हटलं, मोतीबिंदू आत्ताच झालाय का? तो म्हणाला, "न्हाई वो, लई वर्षं झाली. तिला उजेड-अंधार कळतो, बस. माणूस कुठला दिसायला."

भाऊसाहेब माझ्या मागंच उभे होते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. अक्षर मात्र त्यांचं वाटत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी नांदेडला बदली मागून घेतली. पुढच्या कथा मी छापून आल्यावर वाचल्या. ओट्यावरचा माणूस त्यांत नव्हता. पात्रं एकमेकांना अडवून बोलायची, चुकायची, उगाच जास्त सांगायची. धार गेली, असं काहीजण लिहू लागले. त्यांची नक्कल करणारी पोरं मात्र अजून जुन्याच ओट्यावर बसलेली होती.

ते निवृत्त झाल्यावर मी नांदेडच्या घरी भेटायला गेले. चहा झाल्यावर धीर करून विचारलं, "भाऊसाहेब, त्याला का काढलं?"

"काढलं न्हाई. मीच उठलो तिथून. म्हातारीचं सगळं ऐकून घ्यायचो बघ. तिनं दिलेलं पाणी मात्र कधी प्यालो न्हाई. दुष्काळातलं पाणी कसं प्यावं, म्हणून. तिला वाटलं असंल, हा बी त्या दुसऱ्यासारखाच, नुसता ऐकणारा."

आतून त्यांच्या बायकोनं मला हाक मारली. अर्धापूरहून केळी आली होती, घरी न्यायला ती बांधून देत होती. निघताना मी ओट्यावर चपला घालायला वाकले, तेव्हा भाऊसाहेब दारातच थांबले. बाहेर आले नाहीत.