सहावा खांदा

पडदा वर जातो, तेव्हा आधी ऐकू येतात माग. लायडन शहरातल्या रंगाऱ्यांच्या गल्लीत तेवीस घरं आणि बहुतेक घरांत मागाची खटखट. त्या सप्टेंबरच्या सकाळी मात्र जेमतेम नऊ माग चालू होते. बाकीच्यांपैकी कितीतरी दारांवर, आत प्लेग असल्याची खूण म्हणून, गवताची पेंढी टांगलेली.

कालव्याच्या पुलावरून एक पाय ओढत येतोय तो लेन्डर्ट, गल्लीचा प्रमुख. शेजाऱ्यांनी सलग अकरा वर्षं त्यालाच निवडलेलं. भांडणं मिटवायची, गल्लीचं जेवण घालायचं आणि कुणी गेलं की सहा घरांतून सहा खांदे बोलवायचे, ही त्याची कामं. त्याच्या दाराआड भिंतीवर घराघराच्या नावाच्या लाकडी पाट्या खिळ्यांना टांगलेल्या असत. खांदा देऊन झाला की ती पाटी रांगेच्या शेवटी जाई. श्रीमंत कापडव्यापारी असो की लोकर विंचरणारा, पाळी कुणाला चुकली नव्हती. लेन्डर्टची सारी ऐट त्यात होती.

गुरुवारी प्लेगनं म्हातारी आख्ये गेली. सहावी पाटी निघाली लेन्डर्टच्याच घराची. तो पायानं अधू, म्हणजे खांदा यास्परचा. एकुलता एक मुलगा, लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. लेन्डर्टनं दाराकडे पाहिलं. मग आपली पाटी मागे टांगली आणि शेजारच्या वाउटरची पुढे आणली.

निरोप ऐकून वाउटर हसला. "काय हो प्रमुख, परवाच तर एकाला पोचवून आलो! माझ्या खांद्यावर जीव जडला की काय तुमचा?"

"पाळी आहे," लेन्डर्ट म्हणाला.

"असेल बुवा. तुमच्या पाट्या कशाला खोटं बोलतील!"

आठव्या दिवशी वाउटरच्या दारावर पेंढी लागली. बाराव्या दिवशी तो गेला.

त्याला उचलायला पाचच जण आले. सहावा घाबरून गाव सोडून पळाला होता. लेन्डर्ट लंगडत पुढे झाला.

"तुम्ही?" वाउटरची बायको माखतेल्ट म्हणाली. "हा पाय घेऊन?"

"माखतेल्ट, त्या दिवशी पाळी माझ्या यास्परची होती. पाटी मी हलवली."

माखतेल्टनं दाराची चौकट धरली.

"मग उचला," ती म्हणाली. "आणि हिसके देऊ नका. त्यांना खपायचे नाहीत."

दफनभूमीपर्यंत तो तीनदा अडखळला, पण खांदा काढला नाही. परतल्यावर त्यानं सगळ्या पाट्या उतरवून गल्लीच्या हवाली केल्या. रविवारी त्यालाच ताप भरला. बुधवारी त्याची जीभ जड झाली. यास्पर उशाशी बसून होता.

"माझ्यासाठी पाळी कुणाकुणाची?" लेन्डर्टनं विचारलं.

यास्परनं पाच घरं सांगितली.

"आणि सहावं?"

"माखतेल्टवहिनींचं. त्यांचा भाऊ आलाय राहायला. तो येतो म्हणालाय, बाबा."

लेन्डर्टनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"त्या घराकडे मागू नका. त्यांचा खांदा देऊन झालाय."