वॉर्डमध्ये लावलेला अल्बम

एप्रिल २०२१, शेवटच्या आठवड्यातला शनिवार, सकाळ. फेल्डहोवन, नेदरलँड्स. हजर: मी, नवरा आणि आमची सोळा वर्षांची मुलगी. पुण्याहून स्क्रीनवर सासूबाई आणि धाकटी जाऊ, दोघी एकाच घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांतून, कारण जाऊचं क्वारंटाइन संपलं नव्हतं. गैरहजर: दीर. तो हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होता आणि ही बैठक त्याच्यासाठीच होती.

भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. पण वॉर्डमधला एक ब्रदर भला निघाला. दुपारी काम थोडं हलकं झालं की आम्ही पाठवलेली एखादी फाइल पेशंटच्या कानाशी लावतो म्हणाला. रोज एकच. सासूबाईंनी स्वतःच्या आवाजात रामरक्षा रेकॉर्ड करून दिली होती, तीच रोज लागत होती.

त्या दिवशी नवऱ्याने दुसरी फाइल सुचवली. दीर वर्षभर ज्याची वाट बघत होता तो एका अमेरिकन मेटल बँडचा अल्बम तो ॲडमिट झाला त्याच आठवड्यात आला होता. मास्क लागण्याआधी त्याने दादाला लिंक पाठवली होती. सोबत लिहिलं होतं, 'मी अजून ऐकला नाहीये, तूही थांब, घरी आलो की एका बैठकीत ऐकू.' कॉलेजात दोघे भाऊ असल्या कॅसेटी मिळवून ऐकायचे. नवऱ्याचं ते नोकरीत सुटलं, दिराचं कधीच सुटलं नाही.

नवऱ्याने पहिलं गाणं आम्हाला ऐकवलं. ड्रम्स अखंड धडधडत होते आणि गाणारा पोटातून ओरडत होता. शेजारचे डच काका कुंपणापाशी येऊन मुलीला विचारून गेले, ड्रिलिंग किती वेळ चालणार. तिने त्यांना डचमध्ये सांगितलं की माझे काका आजारी आहेत. ते गोंधळून आत गेले.

सासूबाई म्हणाल्या, "बरा होऊन घरी येऊ दे. मग काय धुडगूस घालायचाय तो घालू दे."

जाऊ म्हणाली, "आई, लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. एक शब्द कळलेला नाही. पण हे लागलं की तो शांत होतो."

शेवटी एक दिवस रामरक्षा, एक दिवस अल्बम, असं ठरलं. तक्ता मी केला आणि ग्रुपवर टाकला. रविवार अल्बमचा.

रविवारी दुपारी ब्रदरचा फोन आला. "सर, फाइल करप्ट आलीय. नुसताच कर्कश आवाज येतोय. मी बंद केली आणि माझ्या मोबाइलवरची आरती लावली."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. "फाइल बरोबर आहे. गाणंच आहे ते."

"हे?"

"हेच. त्याला हेच हवंय."

मग ब्रदर म्हणाला, शेजारच्या बेडवरचे आजोबा आधीच घाबरलेत, उद्या माझे इयरफोन घेऊन येतो.

मंगळवारी पहिलं गाणं पूर्ण लागलं. चादरीवर अंगठा हलला, असं ब्रदरने कळवलं. नवऱ्याने ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली. तापात माणसाचे हात हलतात, हे मला माहीत होतं.

बुधवारी रामरक्षेची पाळी होती. पण सकाळीच ऑक्सिजन खाली गेला, व्हेंटिलेटरचं बोलणं सुरू झालं. एकदा नळी घातली की मग गुंगीत ठेवणार होते. नवरा जाऊला म्हणाला, आजचा दिवस मला दे. तिने 'घे' म्हटलं. मी तक्ता बदलला. बदललेला ग्रुपवर टाकला नाही. दुपारी दुसरं गाणं लागलं, संध्याकाळी नळी घातली.

गुरुवारी पहाटे दीर गेला.

नवऱ्याला जाता आलं नाही. भारतातून इकडे येणारी विमानं बंद झाली होती. गेला असता तर परत कधी येता आलं असतं, हे कुणी सांगत नव्हतं. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून होतो आणि बघायला व्हिडिओही नव्हता. मुलीने इंग्रजीत विचारलं, आता आपण काय करायचं असतं. मी तिला वरण-भाताचा कुकर लावायला सांगितलं, कारण कुणीच काही खाल्लं नव्हतं.

तेराव्यानंतर सासूबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, जाऊ जेवत नाही म्हणाल्या. मग विचारलं, "शेवटचं त्याच्या कानावर काय पडलं रे?"

नवरा म्हणाला, "ब्रदरला विचारून सांगतो, आई."

त्यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दर रविवारी फोन होतो. सासूबाईंनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. त्यांना सांगायचं अजून राहिलंय.