आईच्या उजव्या डोळ्याचे ६/९

आई नापास होता कामा नये, एवढंच त्या दिवशी माझ्या डोक्यात होतं. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या आमच्या गावात, शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. ज्या वर्गात मी दहावीचे पेपर दिले आणि ज्याच्या खिडकीतून काके-मामे आपापल्या लेकरांना गाइडची पानं पुरवत होते, त्याच वर्गाच्या भिंतीला तक्ता टांगलेला. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर नुसते तीन दातांचे कंगवे होते, वर मोठे आणि खाली बारीक होत गेलेले. एकेक डोळा झाकून दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं.

रांगेत कोणीतरी पुडी सोडली, की कमी दिसणाऱ्याला आजच गाडीत घालून ऑपरेशनला नेतात. आईचा चेहरा उतरला. वावरात मेथी काढणीला आली होती आणि परवा बाजार होता.

"मले नाही करा लागत आप्रेशन," ती कुजबुजली. "तू मांगं उभी राह्य. बोट लाव."

तपासणाऱ्या बाईंना मी सांगितलं की आई घाबरते, मी मागे उभी राहते. डाव्या डोळ्याला माझी गरज पडली नाही. उजव्याला मात्र पहिल्याच ओळीपासून पडली. उजवा खांदा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे, मानेला बोट लागलं की वर, पाठीला लागलं की खाली. आईनं धडाधड हात दाखवले. कागदावर दोन्ही डोळ्यांपुढे ६/९ आलं. म्हणजे जवळजवळ चांगली नजर, असं बाई म्हणाल्या. घरी येईस्तोवर आम्ही दोघी हसत होतो. एकाच डोळ्याला मदत का लागली, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी बी.ए. झालेली, पण अक्कल गहाण टाकलेली.

दोन वर्षांनी आई मेथीची जुडी टोपल्याच्या बाहेर ठेवू लागली, तेव्हा तिला वाशीमला नेलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर बॅटरी धरली.

"उजेड दिसतो का?"

"कोणता उजेड?" आईनं विचारलं.

या वेळच्या कागदावर डाव्या डोळ्यापुढे ६/६० होतं. उजव्यापुढे आकडाच नव्हता. चांगल्या डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं, ते यांना सहा मीटरवर आल्यावर दिसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आमच्या विहिरीपासून वावराच्या कडेचा धुरा साठेक मीटर असेल. धुऱ्यावरून मी हात केला की विहिरीवरची आई मला ओळखायची. आता तिनं ओळखावं म्हणून मला जवळजवळ सगळं वावर तुडवून यावं लागणार होतं.

काचबिंदू होता. मोतीबिंदू काढता येतो, यानं नेलेली नजर परत येत नाही. उरलेली नजर थेंब टाकून जमेल तेवढी राखायची. मग त्यांनी शिबिराचा कागद पाहिला.

"तेव्हा उजवा एवढा चांगला होता? तेव्हाच आकडा कमी आला असता तर पुढची तपासणी झाली असती. निदान डावा..."

मी सगळं सांगून टाकलं. खांदा, मान, पाठ. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. तो मला फाडवतही नाही आणि ठेववतही नाही.

परतताना बसमध्ये आईलाही सांगितलं.

"मीच त म्हणलं होतं तुले," ती म्हणाली. "तुहा काय दोष?" मला तिच्याकडे बघवेना.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. परवा ती पुन्हा तक्त्यापुढे बसली. उजवा डोळा झाकून सगळ्यात वरचा मोठा कंगवा तिनं बरोबर दाखवला. दुसऱ्या ओळीशी अडली. मला ते दात स्वच्छ दिसत होते, खाली वळलेले. आईचा खांदा हळूच मागे सरकला, माझा हात शोधत. मी दोन्ही हात स्वतःच्या पाठीशी घट्ट धरले होते.

"सांगा आजी," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

मान न वळवता आईनं विचारलं, "हायेस ना मांगं?"

"हाव माय," मी म्हणाले, आणि हात तसेच धरून ठेवले.