वजन हवेत असताना

फोरमनकाका पंख्याखाली कधी बसायचे नाहीत. सुट्टीत उज्जैनला आले की माधव नगरातल्या आमच्या घरी एक चक्कर ठरलेली. आई खुर्ची पुढे करायची, काका ती भिंतीला सरकवायचे आणि घाम पुसत चहा प्यायचे. आम्हाला हसू यायचं. पुढे त्यांच्याच शिफारशीने मी ते काम करत त्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर लागलो, आणि ते हसू संपलं.

तिथे क्रेन बंद पडली की अवजड सामान हेलिकॉप्टर पोटाखाली टांगून आणायचं. त्याच्या पंख्याचा वारा असा लागे की पाय ठरत नसत. हवेतून येणाऱ्या हुकात वीज साठलेली असते. ती सळईने आधी उतरवावी लागते, नाहीतर माणूस फेकला जातो. काका प्रत्येकाला विचारत, "डर वाटतोय ना?" हो म्हणेल त्यालाच डेकवर घेत. म्हणत, "अडचणीत आला की पायलट वजन सोडणार. तो त्याचा धर्म. खाली नसणं हा आपला."

एकदा पंप यायचा होता. वारा वाढत चालला होता, पण प्लॅटफॉर्मच्या साहेबांना पंप त्याच दिवशी हवा होता. वजन स्थिर धरायची दोरी माझ्याकडे होती. ती ओली, हातातून निसटणारी. मी तिचा मनगटाला एक वेढा घेतला. काकांनी शंभरदा बजावलं होतं तरी घेतला.

वाऱ्याचा झोत आला. पंप हेलकावला आणि मी कडेकडे ओढला गेलो. वेढा सुटेना. खाली पाणी दिसलं. तोंडातून आवाजसुद्धा फुटला नाही. काका धावत आले, कमरेचा सुरा काढून दोरी कापली आणि मला मागे खेचलं. त्याच क्षणी पायलटने वजन सोडलं. मी उभा होतो तिथला कठडा वाकवून पंप समुद्रात गेला.

काकांनी सुरा पुसून म्यानात घातला. मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, "तुझं नंतर बघू. वारा मी पाहिला होता. तरी हो म्हटलं. आज मला डर वाटलाच नाही रे."

चौकशीच्या कागदावर त्यांनी हेच लिहिलं आणि नोकरी सोडून उज्जैनला घरी गेले.

आता त्यांच्या जागी मी आहे. गेल्या महिन्यात मी हेलिकॉप्टरची एक खेप थांबवली. साहेब म्हणाले, वारा मर्यादेत आहे. होताही. मला डर वाटला होता, एवढंच. संध्याकाळी काकांना फोन करून सांगितलं.



"साहेब उद्या परत विचारतील," ते म्हणाले. "आणि उद्या तुला डर थोडा कमी वाटेल. तेव्हा सांभाळ."