थोंगिन काकांची गाडी काय पिते

आमच्या शेजारचे थोंगिन काका पोस्टातून निवृत्त झाले आणि त्यांनी जुनी पांढरी मोटार घेतली. मागच्या काचेवर पट्टी लावली, ‘ही गाडी लाल आहे’. ज्योतिष्यानं लाल सांगितली होती आणि रंगवायला खर्च फार. ग्रहांना वाचता येतं असं आमच्याकडे सगळेच मानतात, तेव्हा कोणी हसलं नाही.

यंदा कठिन चीवरदानाला, म्हणजे पावसाळा सरल्यावर भिक्षूंना वस्त्रं देण्याच्या सणाला, डोंगरावरच्या विहारात मिरवणुकीनं चीवर नेण्याचा मान काकांच्या गाडीला मिळाला. तीन वर्षं तो काकूंच्या भावाकडे, विचियनकडे होता. काकांनी ठरवलं, अशा दिवशी गाडीच्या पोटात उत्तमच जायला हवं. पण पंपावर पेट्रोलच्या पाट्या चार, ९१, ९५, ई-२०, ई-८५. आणि सल्ले त्याहून जास्त.

विचियन म्हणाला, “महागातलंच घाला, दाजी. स्वस्त पेट्रोल आणि स्वस्त जावई, दोन्ही चढावर दगा देतात.”

“त्याचं नका ऐकू,” मालाई काकू म्हणाल्या. “स्वस्तातलं घ्या, उरल्या पैशांत फुलं येतील.”

काकांनी ई-८५ घेतलं. “उसाचं, कंदांचं असतं, आपल्याच शेतातलं. कंद खाऊन माझा बाप नव्वद वर्षं जगला.” सगळ्यांत स्वस्त होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

दोन दिवस आधी चढणीची तालीम केली. दुसऱ्याच वळणावर गाडी खोकली, थरथरली, बसली. विचियननं ती दोरानं ओढून आणली आणि म्हणाला, “चीवर मी नेतो, दाजी. तुम्ही आराम करा.” इतक्या मायेनं म्हणाला की काका रात्री जेवले नाहीत.

सकाळी त्या विहारातले भन्ते भिक्षेला आले. चीवर घालण्याआधी वीस वर्षं ते मोटारी दुरुस्त करत. काकांनी पात्रात भात वाढला आणि विचारलं, “भन्ते, गाडीला कोणतं पेट्रोल शुभ?”

“तुम्ही काय घातलंत?”

“ई-८५.”

“त्यात बहुतेक सगळं अल्कोहोल, उपासक. तुम्ही पाची शीलं पाळता, दारूला शिवत नाही, आणि गाडीला पाजता?”

काकूंनी तोंडावर हात धरला.

“टाकीचं झाकण उघडा,” भन्ते म्हणाले. “आत कारखान्यानं लिहून दिलेलं असतं.”

आत मंतरलेला कागद होता, वर सोन्याचा वर्ख.

“हा कोणी चिकटवला?”

“तुम्हीच दिलात ना! गाडीच्या पोटाजवळ लावा म्हणालात.”

“पोटाजवळ म्हणालो. तोंडावर नाही.”

“काढला तर नशीब जाईल, भन्ते.”

“वरचं मी लिहिलंय, तुमच्या मनासाठी. खालचं ज्यानं लिहिलंय त्यानं इंजिन बनवलंय.” भन्त्यांनी नखानं कागद सोलला. खाली छापलं होतं, ९१ किंवा त्यावरचं, ई-२० पर्यंत चालेल.

“मग ९५ घालू? मान मोठा आहे.”

“मान तुमचा आहे, इंजिनाचा नाही. ते ९१ वर समाधानी आहे.”

काकांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजात टाकी रिकामी करून घेतली, ९१ भरलं. गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चीवर माझ्या मांडीवर ठेवलं, काकू पुढे बसल्या. भन्त्यांच्या दुपारच्या भोजनाआधी पोचायचं होतं. पण गल्लीत कोणी नाही. ढोलवालेसुद्धा गायब. मंतरलेल्या कागदाखालून ९१ हा शुभ आकडा निघाला ही बातमी रात्रीतून पसरली होती आणि सगळी गल्ली लॉटरीवाल्याकडे गेली होती. त्याच्याकडची शेवटी ९१ असलेली तिकिटं संपली, तेव्हा माणसं पलीकडच्या बाजाराला धावली. विचियन सर्वांत पुढे, नव्या गाडीत आठ जणांना घेऊन.

“थांबूया का थोडं?” काकू म्हणाल्या.

काकांनी दहा मिनिटं भोंगा वाजवला आणि निघाले. दुसरं वळण आलं तेव्हा मी डोळे मिटून वंदना म्हणत होते. उघडले तर तिसरं वळणही मागे पडलेलं.

वर भन्त्यांनी आमच्या मागचा रिकामा रस्ता पाहिला. “बाकीचे उपासक?”

काकांनी हात जोडले. “खाली ९१ शोधताहेत, भन्ते.”

“अरे वा. त्यांच्याही गाड्या अडल्या होत्या?”

काका खोटं बोलत नाहीत. त्यांनी चीवर पुढे केलं.