बादलीतली दहा पिल्लं

वडवणीजवळच्या आमच्या तलावावर मासे राखणारा एक माणूस आहे. काहीही विचारलं, की तो आधी पाण्याकडं बघतो, मग बोलतो. मी घराण्यातला पहिला बी.एस्सी., म्हणून मला 'मास्तर' म्हणतो. मी मास्तर नाही, पण त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

तलावाच्या कोपऱ्यात पिवळ्या फुलांची एक वनस्पती तरंगते. तिला मुळं नाहीत. बारीक फुग्यांनी ती पाण्यातले किडे आत ओढून खाते. आमच्या भागात मला ती दुसरीकडं कुठंच दिसली नाही. हे सगळं मी ऐटीत तलावाच्या ठेकेदाराला सांगितलं, तिथंच चुकलं.

"जित्राब खाती? मंग माझी बोटुकली बी खाईल की! उपट बे ती!" ठेकेदार राखणदारावर ओरडला. बोटुकली म्हणजे तलावात सोडायची बोटाएवढी पिल्लं.

राखणदारानं पाण्याकडं बघितलं. मग बादलीत ओंजळभर वनस्पती टाकली आणि दहा पिल्लं सोडली. "मालक, तवर च्या घ्या."

चहा झाला. दहाच्या दहा पोहत होती.

"मालक, तिचं तोंड मोहरीएवढं हाय. डासाची पिलं खाती ती."

"ऱ्हाऊ दे मंग," म्हणून ठेकेदार निघून गेला. मी म्हणालो, "दुर्मिळ वनस्पतींच्या यादीत हिच्यापुढं 'माहिती अपुरी' असं लिहिलंय."

"अपुरी कावून? इतकी वर्सं मी हितंच हाय. इचारायला कोन आलं?"

मीही कधी विचारलं नव्हतं.