घेणाऱ्यानं वाकायचं नाही

माझ्या मामाचं चष्म्याचं दुकान आहे, पण आमच्या नात्यागोत्यात चष्म्यासाठी त्याला कुणी विचारत नाही. चष्मे लोक दुसरीकडून आणतात आणि मामापुढे घालायचं टाळतात. मामाला विचारतात ते जुन्या गाडीसाठी. कुणाला सेकंड हँड गाडी घ्यायची झाली की रविवारी सकाळी मामा हजर. अंगात विटका पायजमा, काखेत घडी केलेली सतरंजी, खिशात बॅटरी. गाडीशेजारी सतरंजी अंथरायची, त्यावर आडवं व्हायचं आणि पाठीवर सरपटत खाली जायचं. मग बराच वेळ नुसते त्याचे दोन तळपाय दिसत. त्या तळपायांवर नजर लावून आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या ठरल्या.

त्यातही छोट्या फोर बाय फोर म्हणजे मामाचा जीव की प्राण. स्वतः त्यानं आयुष्यभर स्कूटर चालवली, ती गोष्ट वेगळी. "मोठी गाडी चिखलात स्वतःच्या वजनानंच रुतते," तो सांगायचा, "छोटी निघून जाते. पण जुनी घेताना चकचकीत बघून भुलायचं नाही. जी फार धुतलेली असते, ती काहीतरी लपवत असते." चासीला गंज कुठे धरतो, स्प्रिंगचे पाटे कुठे दबतात, रंगाखाली पोचे बुजवायला लांबी भरली असेल तर पत्र्यावर टिचकी मारून कसं कळतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. शेवटची परीक्षा मात्र तो हात धरून शिकवायचा. फोर बाय फोरचा छोटा दांडा ओढायचा, कोरड्या डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवायचं आणि गोगलगाईच्या गतीनं गोल फिरायचं. चारही चाकांना ताकद जात असेल तर गाडी अडते, कण्हते, हिसके देते. "लोण्यासारखी वळली तर समज, पुढची चाकं नुसती शोभेला आहेत."

आणि मामाचा एक कडक नियम होता, घेणाऱ्यानं वाकायचं नाही. घेणारा गाडीखाली डोकावला की विकणाऱ्याला कळतं, याचं मन बसलंय. मग तो ताठ होतो. म्हणून घेणाऱ्यानं लांब उभं राहायचं, तोंड कंटाळलेलं ठेवायचं, जांभई आली तर फारच उत्तम. बाबांना हे झकास जमायचं. आईला अजिबात जमत नसे, म्हणून तिला अशा वेळी घरीच ठेवत.

मी गुराढोरांची डॉक्टर. दूध संघानं डोंगरावरच्या वस्त्यांचं काम मला दिलं ते एका अटीवर: डोंगर चढणारी गाडी माझी मला हवी. माझ्या आधीच्या डॉक्टरांना वरची माणसं "उद्याचे डॉक्टर" म्हणायची, कारण ते नेहमी उद्या यायचे. मला ते नाव नको होतं. बोलावलं की पोचणारी डॉक्टर, एवढीच ओळख मला तिथे कमवायची होती.

मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाहेर कशाला शोधतेस? आमच्या व्याह्यांकडे आहे एक छोटी. घरातलीच गाडी."

व्याही म्हणजे माझ्या मामेबहिणीचे सासरे. बोलायला गोड आणि घरात पान हललं तरी त्यांना विचारून. आम्ही गेलो तेव्हा गाडी अंगणात धुऊनपुसून उभी होती. मी नियमाप्रमाणे तिच्याकडे पाठ करून व्याह्यांच्या कुंड्या बघत राहिले. मामेबहीण चहा घेऊन आली, कप ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. पोर रडत असेल, असं मला वाटलं. मामा सतरंजी अंथरून गाडीखाली गेला. त्याचे तळपाय बराच वेळ हललेच नाहीत. मग तो बाहेर आला, सतरंजी झटकत म्हणाला, "ठणठणीत आहे."

चालवून मी बघितली. मामा शेजारी बसला होता. छोटा दांडा ओढला, समोर हिरवा दिवा लागला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं. गाडी गोल फिरली. ना अडली, ना कण्हली.

"मामा, ही हिसके देत नाहीये."

"निगा आहे तिची," तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. "प्रत्येक गाडी अडतेच असं नाही गं. व्याह्यांनी फुलासारखी जपलीय."

माझ्या हातांना कळत होतं. पण ज्यानं शिकवलं तोच शेजारी बसून नाही म्हणत असताना हातांचं कोण ऐकतं? मी गाडी घेतली.

रस्ते कोरडे होते तोवर ती वर चढतही होती. लोक हात करायला लागले, मीही ऐटीत हॉर्न वाजवायला लागले. मग उतारांवर चिखल झाला आणि त्याच आठवड्यात सगळ्यात वरच्या वस्तीतून एका म्हातारीचा फोन आला. गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. "निघालात ना, डॉक्टरबाई?" तिनं विचारलं. "पोचतेच," मी म्हणाले.

शेवटच्या चढावर गाडी थांबली, घसरली आणि मागे मागे येत चरात गेली. दांडा ओढलेला होता, हिरवा दिवा लागलेला होता. मी बॅग घेऊन चिखलातून चालत सुटले. गोठ्याच्या दारात कुणीतरी म्हणालं, "आल्या बाई. उद्या नाही आल्या, हेच नशीब." वासरू गेलं होतं. ते ओढून काढलं, गाय वाचली. म्हातारीनं माझ्या हातावर गरम पाणी घातलं, आणि तांब्या तिथेच ठेवून ती गाईकडे वळली.

गाडी काढायला ट्रॅक्टरवाला आला. मला रेस द्यायला सांगून तो बाजूला उभा राहिला आणि ओरडला, "बाई, पुढची चाकं गप्प का? मागचीच घुमतायत की!"

मी उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकले. गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे एक जाड लोखंडी शाफ्ट जातो. तोच पुढच्या चाकांना ताकद देतो. मनगटापेक्षा जाड असतो, लपून राहणारी वस्तूच नव्हे. तिथे काहीच नव्हतं. बोल्टांच्या भोकांवर ग्रीस थापलेलं होतं, व्यवस्थित, हलक्या हातानं. आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं. मामा तर बॅटरी घेऊन गेला होता.

तशीच चिखलानं माखलेली दुकानात गेले. मामा एका फ्रेमचा स्क्रू आवळत होता.

"गाडीला पुढचा शाफ्ट नाहीये."

"हो," तो म्हणाला.

नाकारेल म्हणून मी रस्ताभर भांडण तयार करून आणलं होतं. ते सगळं वाया गेलं. "तुला दिसलं होतं?"

"खाली गेलो तेव्हाच. आवाज करायचा म्हणून त्यांनी काढून टाकलेला." त्यानं फ्रेम खाली ठेवली. "गाडी तुला खपवायचीय, हा निरोप त्यांनी माझ्या पोरीकडूनच पाठवला होता. मी मोडता घातला असता तर त्या घरात तिला रोज ऐकावं लागलं असतं. दारात उभी होती बघ ती, आपण निघालो तेव्हा."

"मला आधी एका शब्दानं सांगायचंस, मामा. मी दुसरी गाडी बघितली असती. काहीतरी निमित्त काढलं असतं आपण दोघांनी मिळून."

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तू आईवर गेलीस."

"एक वासरू मेलं माझ्या हाताखाली. वर मला आता काय म्हणतात माहीत आहे?"

त्यानं फ्रेम उचलली आणि परत खाली ठेवली. त्याला वाईट वाटलं होतं, ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मग समजूत घालावी तसं तो म्हणाला, "व्याह्यांनी जन्मभर मनात धरून ठेवलं असतं गं. तू आपली आहेस. चार दिवस रागावशील, मग येशीलच."

एवढं बोलून त्यानं दारातून मान बाहेर काढली आणि समोरच्या टपरीवर ओरडून दोन चहा सांगितले, त्यातला एक कमी साखरेचा, मला लागतो तसा. इतका विश्वास होता त्याचा माझ्यावर. माझाही त्याच्यावर इतकाच होता. चहा यायच्या आत मी दुकानाची पायरी उतरले.